अंजनाबाईंनी वाघाला दिलेला शब्द

अंजनाबाई जाड का होत नाहीत, हे कुपवाडात कुणालाही विचारा. कुणी म्हणेल साखर आहे, कुणी सुनेच्या आमटीला नावं ठेवील. दोन्ही खोटं. खरं कारण फक्त दोघांना ठाऊक आहे, आणि त्यातला एक वाघ आहे.

बाई मूळच्या माणच्या. चाळीस वर्षं मेंढरांमागं चालून अंगावरचं मांस वाटेतच कुठंकुठं सांडून आलेल्या. गुडघे बोलायला लागले तशी मेंढरं विकली आणि कारखान्यात कामाला असलेल्या लेकाकडं कुपवाडात राहायला आल्या. सगळं सुटलं, पण कंबरेची बिरदेवाच्या भंडाऱ्याची पिशवी काही सुटली नाही.

कारखान्यातल्या लोकांनी तिथं एक हौशी नाटकमंडळी काढली होती. चालवायचे उदयसिंह, कुंडलचे, फौजेतून सुभेदार होऊन आलेले. यंदा त्यांनी पोरांसाठी म्हातारीची आणि भोपळ्याची गोष्ट बसवायला घेतली. आपण सगळ्यांनी ऐकलेलीच. म्हातारी लेकीकडं निघते, वाटेत वाघ अडवतो. ती म्हणते, लेकीकडं जाते, खाऊनपिऊन जाड होऊन येते, मग खा मला. आणि येताना भोपळ्यात बसून वाघाच्या नाकासमोरून गडगडत निघून जाते.

अंजनाबाई दारात शेंगा फोडत बसल्या होत्या. सुभेदारांनी लांबूनच बघितलं आणि म्हणाले, "हिला मेकप लागणार न्हाई."

वाघ झाला गुंडा. लेथ मशीनवरचा हडकुळा गडी, पण कागदाच्या लगद्याचा मुखवटा चढवला की बरा दिसायचा.

गोष्टीत नसलेली एक गोष्ट सुभेदारांनी घातली. म्हणाले, पोरांना शब्दाची किंमत कळली पाहिजे, म्हातारी वाघापुढं भंडारा उचलून शपथ घेईल. ताटलीत भंडारा म्हणून पिवळी रांगोळी ठेवायचं ठरलं.

पहिला खेळ सांगलीत, शनिवारी दुपारी. पोरांनी नुसता गिल्ला केला होता. वाघ आला, डरकाळी झाली, आणि बाईंनी ताटलीकडं हात नेला तर ताटली रिकामी. कुणाचातरी पाय लागून रांगोळी विंगेतच सांडलेली. आता चाळीस वर्षांची सवय. शपथ म्हटल्यावर हात आपोआप कंबरेला गेला. पिशवीतली चिमूट घेऊन बाईंनी वाघापुढं धरली आणि म्हणाल्या, "बिरदेवाची आन. लेकीकडं जाते, जाड हुते, आन् तुज्याकडं येते. मग खा मला."

तेवढ्यात वीज गेली.

अंधारात पोरं किंचाळली. त्या गोंगाटात बाईंच्या अगदी कानाशी कुणीतरी हळू म्हणालं, "जा. वाट बघतो."

वीज काही आली नाही. खेळ अर्धाच मोडला. बाहेर उन्हात गुंडा चहा पीत उभा होता.

"गुंडा, आंधारात तू बोललास व्हय रं?"

"मी? दिवं गेलं तसा मुखवटा काढून पळालो की मावशे! आत लय उकडतंय."

बाईंनी तळहात बघितला. पिवळाधमक. आणि मग त्यांच्या लक्षात आलं, आपण काय करून बसलो ते. रांगोळी उचलली असती तर नाटक झालं असतं. हा बिरदेवाचा भंडारा. त्यांच्या सासऱ्यानं भंडारा उचलून दिलेल्या शब्दापायी बारा मेंढ्या सोडल्या होत्या, पण शब्द सोडला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळीच लेकीचा फोन. स्वप्नाली कुंडलला दिलेली. घरी चार म्हशी. "आई, चार दिस ये की गं. नुसती काडी झालीयास. तूप खाऊन जरा जाड हुऊन जा."

लेकीनं कधी नव्हे ते बोलावलं, तेही नेमक्या त्याच शब्दांत.

त्या तडक सुभेदारांकडं गेल्या. "आवं, शेवट बदला. मला भोपळ्यातनं उतरून वाघाकडं जाऊ द्या."

"आणि वाघानं खाल्लं तर? पोरांना रात्री झोप यायची न्हाई, अंजनाबाई."

"मी शब्द मोडला तर मला कवाच यायची न्हाई."

"स्क्रिप्ट म्हणजे ऑर्डर," सुभेदार म्हणाले आणि मिशीला पीळ देऊन मोकळे झाले. पुढचा खेळ येत्या शनिवारी साताऱ्यात होता.

बाई कुंडलला गेल्या. जाते म्हटलं होतं ना, मग जाणं आलं. पण एसटीत बसल्याबसल्या त्यांचं डोकं चालू होतं. जाड होऊन येते, असं आपण म्हणालो. जाड झालोच नाही तर? शब्द मोडला असंही नाही आणि वाघाच्या पोटात गेलो असंही नाही. मेंढरांच्या बाजारात दलालाला गार करणारी बाई ती.

स्वप्नालीनं पहिल्याच जेवणाला गरम पोळीवर कणीदार तूप ओतलं. वास असा, की बाईंचे डोळे भरून आले. चाळीस वर्षं रानात लसूण-मिरचीवर काढलेली. हात उचलला आणि खाली ठेवला. लेक पाणी आणायला वळली तशी पोळी गुपचूप खाटेखाली सरकवली. खाटेखाली एक बोका बसला होता. पिवळट, रुंद तोंडाचा. त्यानं पोळी ओढून घेतली आणि बाईंच्या बोटांवरचं तूपही चाटलं. जीभ कानशीसारखी खरखरीत.

चार दिवस असंच. बाईंच्या पोटात नुसतं ताक आणि बोक्याच्या पोटात तूप. निघताना त्या म्हणाल्या, "तुजा बोका लय खातो गं."

"कुठला बोका?" स्वप्नाली म्हणाली. "आमच्यात मांजर न्हाई. म्हशी बुजत्यात."

शनिवारी साताऱ्याचं नाट्यगृह गच्च भरलं होतं. मध्यंतरापर्यंत सगळं सुरळीत. रांगोळी ताटलीत, गुंडा मुखवट्यात. मध्यंतरानंतर बाई भोपळ्यात बसल्या, दोघांनी तो रंगमंचावर गडगडत आणला, आणि समोरून वाघ आला.

बाईंनी भोपळ्याच्या फटीतून बघितलं. गुंडा पावलं आपटत चालायचा, फळ्या वाजायच्या. आज फळ्या वाजत नव्हत्या. पुढच्या रांगेतली पोरं एकदम गप्प झाली. एक बारकं आईच्या पदरात शिरलं.

इथं बाईंनी वाघाला फसवायचं होतं. विंगेतून सुभेदार हात हलवून खुणावत होते, बोला, बोला. बाईंनी भोपळ्याचं झाकण सारलं आणि बाहेर आल्या.

"आले बग. शब्द दिलावता, आले. पर जाड न्हाई झाले. बगून घे."

वाघ जवळ आला. त्यानं त्यांचं मनगट हुंगलं. मग कोपर. मग मान. मुखवट्याच्या भोकांतले डोळे गुंडाचे नव्हते. गुंडाचे डोळे काळे. वाघानं हुंगणं थांबवलं आणि एक लांब ढेकर दिला. कणीदार तुपाचा. घरच्या, म्हशीच्या.

"अजून बारीकच हायस," तो हळू म्हणाला. "परत लेकीकडं जा. वाट बघतो."

आणि वळून, एकही फळी न वाजवता, पडद्यामागं गेला.

टाळ्यांनी छप्पर उडायचं बाकी राहिलं. सुभेदार धावत आले. "ऑर्डर मोडलीत, पण काय काम केलंत! आणि तो गुंडा, वा! कुठंय तो?"

गुंडा संडासात होता. मध्यंतराला गेला, कडी अडकली, तेव्हापासून दार बडवून त्याचे तळहात लाल झाले होते. दार फोडून काढला तेव्हा रडायच्या बेतात. "मावशे, खेळ झाला का गं? वाघाचं काम कुणी केलं?"

मुखवटा रंगपटात खिळ्याला टांगलेला होता. बाईंनी त्यावरून बोट फिरवलं. जबड्याच्या कडेला बोट तुपकट झालं.

तेव्हापासून अंजनाबाई दर महिन्याला चार दिवस कुंडलला जातात. स्वप्नाली खूश आहे. आई दोन-दोन पोळ्या तुपात बुडवून संपवते, तरी अंगी कसं लागत नाही, एवढंच तिला कोडं. मागच्या खेपेला तिनं आईसाठी खाट बदलली. म्हणाली, कुणास ठाऊक कशी, पण जुनी खालून वर उचलल्यासारखी झाली होती. नवी खाट चांगली उंच आहे ना, एवढं बाईंनी वाकून बघितलं.