आधीचा फोटो

“काढ फोटो, बेटी. पण टेकडी बंद झाल्यावर माझ्या बकऱ्या कुठं चरतील, ते बी विचार तुझ्या साहेबाला,” फरजाना म्हणाली होती.

“होईल मावशी काहीतरी सोय. तुम्ही जरा इकडं बघा,” म्हणत मोनालीनं मोबाइल आडवा धरला होता.

आता टेकडीच्या पायथ्याशी उभ्या केलेल्या बोर्डावरची धूळ ती ओढणीनं पुसत होती. बोर्डावर दोन फोटो. ‘नंतर’च्या फोटोत गुडघाभर गवत आणि चरांच्या काठानं वाढलेल्या सीताफळी. ‘आधी’च्या फोटोत उघडा मुरूम, बकऱ्या, आणि मधोमध डोईवरचा पदर सारखा करून हसणारी फरजाना. छपाईसाठी हा फोटो मोनालीनंच निवडला होता. जमीन किती उजाड होती ते यात बराबर दिसतं, असं पाणलोटाच्या कामाचे साहेब म्हणाले होते.

कडेवरची लेक चिऊ एकदम पुढं झुकली. “दूधआजी!”

“हळू गं,” मोनालीनं तिचं बोट खाली घेतलं.

चिऊला म्हशीचं दूध पचत नव्हतं तेव्हा फरजाना रोज सकाळी बकरीचं दूध आणून द्यायची, तांब्या पदराखाली झाकून. मग ग्रामसभेत चराईबंदीचा ठराव झाला आणि बकऱ्या मंठ्याच्या बाजारात गेल्या. मोनालीनं पिशवीचं दूध सुरू केलं. तेही हळूहळू पचायला लागलं. फरजाना लेकीकडं बदनापूरला निघून गेली, हे मोनालीला नळावर कळलं.

गाड्या आल्या. वाळवंटीकरण थांबवायला देशादेशांनी मिळून केलेल्या कराराच्या कामातली माणसं होती. दिल्लीचे दोन अधिकारी आणि सेनेगलहून आलेल्या एक उंच बाई. त्यांना काम पसंत पडलं तर पलीकडची टेकडीही घेणार होते. ते काम चालेल तोवर मोनालीची नोकरी टिकणार होती. सरपंच धर्मराज सकाळपासून बजावत होते, “ताई, आज उलटसुलट काय बोलू नका बरं का.”

मोनाली इंग्रजीत सांगत गेली. चर, बांध, विहिरींचं पाणी. सगळं खरं होतं. विहिरींना पाणी होतंच. उंच बाई मात्र बोर्डापाशी थांबल्या.

“ह्या कोण? माझ्या आईकडंही बकऱ्या होत्या. अशीच उभी राहायची ती.”

“गावातल्याच आहेत.”

“भेटता येईल?”

धर्मराजांना इंग्रजी येत नव्हतं, तरी ते मोनालीच्या तोंडाकडं बघत होते.

“आज मार्केटला गेल्यात.”

“आणि त्यांच्या बकऱ्या? त्या आता कुठं चरतात?”

मोनालीनं चिऊला या कडेवरून त्या कडेवर घेतलं. तिच्या फ्रॉकची सरळ असलेली बाही पुन्हा सरळ केली.

“आम्ही गवत कापून देतो त्यांना.”

बाई समाधानानं हसल्या. दिवाळीनंतर त्या गवताचा लिलाव झाला होता आणि सगळं एका डेअरीवाल्यानं उचललं होतं.

जेवणं झाली, हारतुरे झाले. पलीकडच्या टेकडीचं बहुतेक होईल, असं अधिकारी म्हणाले. धर्मराज हात धुता धुता जवळ आले.

“मानलं तुम्हाला, ताई! ‘मार्केट’ तेवढं कळलं मला. म्हटलं, जमलं!”

मोनाली हसली नाही. पलीकडच्या उतारावर कुणाच्या तरी बकऱ्या चरत होत्या, काळ्या ठिपक्यांसारख्या. तिनं तिकडं पाठ केली आणि गाडीजवळ गेली. ड्रायव्हर वसंता तंबाखू मळत उभा होता.

“वसंताभाऊ, बदनापूरवरूनच जाणार ना?”

“संभाजीनगरचा तोच रस्ता हाये. का, काही पाठवायचंय?”

“न्हाई. स्टेशनामागच्या वस्तीत मदीहा म्हणून राहते. तिची आई तिच्याकडं असते, फरजाना मावशी. पाहुण्यांना सोडून परत येताना जरा बघून याल?”

“येतो की. कोणी पाठवलं म्हणून सांगू?”

चिऊ बोर्डाकडं बघून हात हलवत होती. मोनालीनं तो हात आपल्या मुठीत घेतला.

“काही सांगू नका. दारात एखादी बकरी बांधलेली आहे का, तेवढं बघा.”