डावीकडची मोकळी जागा

दशक्रियेच्या आदल्या दिवशी सकाळी हर्षालीच्या लक्षात आलं, की आपल्याकडे आईचा एकही फोटो नाही.

लॅपटॉपमध्ये अकरा हजार फोटो होते. नाशिकला अंबडच्या कारखान्यातली नोकरी सांभाळून ती रविवारी फोटोग्राफीचे वर्ग घ्यायची, त्यांचे व्हिडिओही टाकायची. सुट्टीला गावी, सायखेड्याला आली की कॅमेरा घेऊन थेट मळ्यात. झेंडूच्या ओळी, धुक्यातली गोदावरी, शेवंतीवरची मधमाशी. शेवंतीच्या एका फोटोला बक्षीस मिळालं होतं. ती शेवंती आईने लावली होती, आणि फोटोच्या वेळी पांढरी चादर ताणून फुलांवर उजेड पाडायलाही आईच उभी होती. चौकटीत तिचं कोपर आलं होतं, ते हर्षालीने नंतर कापून टाकलं.

ती एकेक फोटो मागे नेत राहिली. आई होती, पण पाठमोरी. ओळीच्या टोकाला, हिरव्यात एक जांभळा ठिपका. कुठे नुसता पदर, कुठे टोपली आणि चार बोटं. चेहरा नाही. "आई, जरा बाजूला हो," असं ती म्हणायची आणि आई हसत बाजूला व्हायची.

"सापडला का?" भाऊ समाधान दारातून म्हणाला. "फ्लेक्सवाल्याचा दोनदा फोन येऊन गेला. घाटावर आजच लावायचाय."

"चेहरा नाही रे एकातही."

"अकरा हजारात?"



"माझ्याकडं पण नाय," तो म्हणाला. "मला वाटायचं, घरात फोटो काढणारी तू हायेस. आपण कशाला वेडंवाकडं काढायचं."

ओट्यावर बसलेले सावळीराम, म्हणजे तिचे वडील, तात्या, तिथूनच बोलले. "आधार कार्ड घेऊन जा. धनराजच्या स्टुडिओत तयार बाई हाय, पदर घेतलेली. तिच्यावर चेहरा बसवून देतो. निम्म्या गावाच्या म्हाताऱ्या त्याच हिरव्या लुगड्यात भिंतीवर हायेत."

आईचा चेहरा परक्या बाईच्या मानेवर. हर्षालीने कार्ड उचललं, कारण दुसरं काही उचलायला नव्हतं.

धनराज शाळेत तिच्या मागच्या वर्गात होता. त्याने कार्डाकडे पाहिलंही नाही.

"बस ताई. मी वाटच बघत होतो." त्याने खणातून एक खाकी पाकीट काढलं. "काकूंनी काढून ठेवलाय. म्हणल्या, घरी नेला तर हर्षी चिडंल, काय हे अभद्र म्हणंल. लागंल तवा तीच येईल तुझ्याकडं."

हर्षालीने पाकीट उघडलं आणि फोटो बाहेर काढला.

आई उजव्या बाजूला बसली होती. अगदी कडेला नाही. चौकटीचे उभे तीन भाग केले तर उजवीकडच्या रेषेवर, नेमकी. नजर डावीकडे. तिथे फक्त स्टुडिओचा निळा पडदा.

"मी लय सांगितलं, काकू, मधी बसा," धनराज म्हणाला. "हाराच्या फोटोत माणूस मधीच असतं. तर मलाच म्हणल्या, तुला रे काय येतं? माझी पोर शिकवती ते मी मोबाईलवर बघते. माणूस मधोमध ठिवायचं नाय, आन ते बघतं त्या अंगाला जागा सोडायची. तीनदा स्टूल हलवलं बाईनं. फोटो काढायला दोन मिनिटं, शिकवणी तासभर."

आई आपले व्हिडिओ बघते, हे हर्षालीला ठाऊक नव्हतं. आईला ते उघडता येतात, हेही नाही. तिने फोटो उलटा केला. मागे निळ्या शाईत तारीख होती. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसाची.

भाऊबीजेला फोटोतलं हेच मोरपंखी लुगडं नेसून, केस चापूनचोपून आई झेंडूच्या वाफ्यापाशी येऊन उभी राहिली होती. "माझा एक काढ ना गं. चांगला." आणि हर्षालीने वर न बघता सांगितलं होतं, "आता ऊन कडक आहे, आई. चेहऱ्यावर सावल्या पडतात. संध्याकाळी काढू." चार वाजता ती गाडीत बसून नाशिकला निघून गेली होती.

"ताई, पाणी देऊ?"

नको म्हणत तिने फोटो पुन्हा सुलटा केला.

धनराजने तोच फोटो कॉम्प्युटरवर उघडला. "मधी घेऊ का? डावीकडचं कापलं की झालं." पडद्यावर त्याने कापायची चौकट ओढलीसुद्धा. तिच्या ओळखीची चौकट. हजारदा ओढलेली.

"ती कशाकडे बघत होती?" हर्षालीने विचारलं.

"कायच नव्हतं तिथं. मी म्हणलं, काकू, कॅमेऱ्याकडं बघा. तर म्हणल्या, तू तुझं काढ. हर्षी तिथं उभी हाय असं समजून बघते मी, म्हणजे तोंड बरं येईल."

रस्त्यावरून कांद्याचा टेम्पो गेला आणि काचेचं दार थरथरलं.

"कापू नको," ती म्हणाली.

"मग तिथं शोकाकुल टाकतो, खाली सगळी नावं. फ्लेक्सवर जागा वाया जाते नायतर."

"तिथं काहीच टाकू नको, धनराज. नावं खाली घे, बारीक झाली तरी चालतील."

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर फ्लेक्सला झेंडूचा हार घातला. तो मधोमध लोंबला, आईचा चेहरा बाजूलाच उघडा राहिला. जमलेल्या बायका आपसात कुजबुजल्या, की फोटो चुकलाय. तात्या समोर येऊन उभे राहिले.

"एवढी जागा का गं रिकामी ठिवली धनराजनं?"

हर्षाली पुढे गेली आणि फ्लेक्सच्या डाव्या बाजूला, कडक उन्हात, उभी राहिली.