वेशीवर उतरायचं असतं

माझी जीभ तिखट आहे. आमच्या कोपरी गावात कुणालाही विचारा. पण त्यात माझा काय दोष? लहानपणी तापात डावा पाय वाळला आणि तेव्हापासून घरातले सगळे माझ्याशी इतकं गोड बोलायला लागले, की घरात थोडं तिखट कुणीतरी आणायलाच हवं होतं.

चोपन्न सालची गोष्ट. कल्याणच्या विश्राम टांगेवाल्याने नवीच टूम काढली होती. एस.टी.ने मुरबाडला जायचं, तिथे त्याच्या मेहुण्याची तट्टं घ्यायची आणि डोंगराखालच्या वाड्यावाड्यांतून आठवडाभर हिंडायचं. रात्री गावातच मुक्काम, जेवणही तिथेच. दिवाळी झाल्यावर माझा थोरला भाऊ हरिहरदादा आणि सुमेधावहिनी निघाली. माझी रवानगी टिटवाळ्याला मावशीकडे ठरली. का, तर सरोजला झेपणार नाही.

मी म्हटलं, "घोड्याला चार पाय आहेत ना? मग माझा एक कमी पडला तर त्याचं काय अडणार आहे?"

दादाने विश्रामला तिसरं तट्टू सांगितलं. मी गेले.

आणि काय सांगू, तट्टावर बसले आणि मी दुसरीच बाई झाले. लग्न असो, देऊळ असो, मी आयुष्यभर सगळ्यांच्या मागून पोचलेली. इथे मी पुढे आणि वहिनी मागून "अहो सरोजवन्सं, जरा हळू" करत येतेय. मांडीवर शाल पसरली होती, तिच्याखाली पाय दिसत नव्हता. वाटेतल्या बायका मान वर करून माझ्याकडे बघायच्या आणि त्या बघण्यात कीव नव्हती. मी मनाशी पक्कं केलं, हा आठवडा पाय कुणाला दिसू द्यायचा नाही.

दिवस कलायला पहिली वाडी आली. वेशीवर गावदेवीचं छोटं देऊळ होतं. विश्राम म्हणाला, "इथं उतरायचं. देवीसमोरून कोणी घोड्यावर बसून जात नाही. नवरदेवसुद्धा उतरतो."

ही गोष्ट शहाण्याने मुरबाडलाच सांगायची नाही का? पण विश्राम वाटभर स्वतःच्या बढाया मारण्यात दंग होता. दादा-वहिनी उतरली. सगळी वाडी बघायला गोळा झालेली. मी उतरले नाही.

दादा विश्रामच्या कानाशी लागायला गेला. मी डोळे वटारले. माजोरडी म्हणाले तर म्हणोत, बिचारी नको. टाच मारली आणि देवीसमोरून सरळ गावात शिरले.

आमचं जेवण शेवंतीबाईंकडे होतं. म्हातारी काठीसारखी ताठ, दारात उभी. तिने सगळं पाहिलं होतं.

"या दोघांनी आत यावं," ती म्हणाली. "देवीसमोर जी उतरली नाय, तिला माझ्या घरात पाट नाय."

"अहो, तिचा पाय..." दादाने सुरुवात केली.

"दादा, गप्प बस," मी म्हटलं.

विश्राम रडकुंडीला आला. "ताई, ही वाडी फिरली की पुढची एक वाडी मला उभं करणार नाही. धंदा बुडाला माझा." मागे माणसं कुजबुजत होती. माझा हट्ट, आणि भोगायचं त्याने? मला माझीच लाज वाटली. मी तट्टू वळवलं आणि वेशीवर परत गेले. मागोमाग सगळी वाडी आलीच.

तिथे उतरायला गेले आणि डावा पाय दुमडला. सपशेल तोंडावर आपटले. शाल एकीकडे, मी एकीकडे आणि तो काडीसारखा पाय सगळ्या गावासमोर उघडा. दादा धावत आला, पण त्याच्याआधी शेवंतीबाई पोचली. ती पायाकडे बघत राहिली. आता "अरेरे" येणार, म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"एवढ्याशा पायापायी एवढा माज?" ती कडाडली. "सांगायला तोंड नव्हतं तुला? देवी काय पाय मोजाया बसलीय? ऊठ. आणि तू रे दादा, हो बाजूला. तिची ती उठंल."

मी रिकिबीला धरून उठले. लंगडत जाऊन देवीला नमस्कार केला. तिथून घरापर्यंत म्हातारी माझ्यापुढे चालत होती आणि तिची तोफ चालूच होती. नातवाने असं केलं असतं तर पाठ सोलली असती, शहरात हेच शिकवतात काय, आईबाप काय करत होते. मला रडू आवरेना. वहिनीला वाटलं, लागलंय मला. लागलं होतंच, गुडघा सोलवटला होता. पण रडू त्याचं नव्हतं. धडधाकट पोरीला हाणावं तसं उभ्या जन्मात मला कुणी शब्दांनी हाणलं नव्हतं. त्या बाईचे उपकार मी कुठे फेडू? आजही तिचं नाव निघालं की हात आपोआप जोडले जातात.

दारात तिने पाण्याचा तांब्या माझ्या हातात दिला. मी सवयीने उजव्या पायावर पाणी घेतलं आणि डावा लुगड्याआड ओढला.

"त्याच्यावर पन ओत," शेवंतीबाई म्हणाली. "तो बी चालून आलाय."