फोटोतले दात

"बाबांना तुझा फोटो काढू देऊ नकोस," लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात माझी नणंद मला जिन्यात अडवून म्हणाली होती. मी ते हसण्यावारी नेलं. सासऱ्यांचा फोटो स्टुडिओ, घराच्याच पुढच्या खोलीत. त्या घरात फोटोला नाही म्हणायचं कसं? फोटो आला तेव्हा माझ्या हनुवटीवरचा तीळ गायब होता. "स्वच्छ केलं जरा," सासरे म्हणाले. नवरा म्हणाला, "तीळच गेला ना? नशीब समज, माझे कान अर्धे केले होते त्यांनी." दोघंही हसलो.

चिंगी नुकती शाळेत जायला लागली आणि नवरा आजारपणात गेला. मी तिला घेऊन वेगळी राहायला लागले. सासूसासऱ्यांनी कोर्टात अर्ज केला : नातीला भेटायचा हक्क हवा. भेटीला माझी ना नव्हती, फक्त माझ्या डोळ्यांसमोर. त्यांना ती शनिवार-रविवार घरी हवी होती, माझ्याशिवाय.

निकाल लागेपर्यंत भेटी कोर्टाच्या मागच्या एका खोलीत व्हायच्या. आत देखरेखीला एक बाई, मी दाराबाहेर. त्या खोलीतल्या खेळण्यांवर कुणाकुणाच्या लाळेचा चिकट थर होता, गादीला ओल्या मोज्यांचा वास. दाराच्या काचेवर कागद चिकटवला होता, पण त्याचा एक कोपरा सुटला होता. तिथून दिसायचं. सासूबाई रुमालाचं टोक जिभेवर ओलं करायच्या आणि त्याने चिंगीचे ओठ पुसायच्या. एकदा, परत एकदा. मग सासरे अंगठ्याने तिची हनुवटी वर करायचे, एखादं भांडं सरळ ठेवावं तशी. भेट म्हणजे हेच. गोष्ट नाही, खेळ नाही. नुसते फोटो.

"आजोबांची हौस आहे हो," देखरेखीच्या बाई मोबाइलवरून नजर न उचलता म्हणायच्या.

एका भेटीनंतर चिंगी बाहेर आली ती दंड धरून. आतल्या बाजूला जांभळा डाग, मधोमध नखाची चंद्रकोर.

"आजी म्हणाली, हलायचं नाही," ती म्हणाली. "मी हलले."

मी तिला तसंच परत आत नेलं. डाग बाईंना दाखवला. "लहान मूल आहे, लागतं कुठेतरी. माझं लक्ष होतं की," त्या म्हणाल्या. मी तक्रार दिली. तर समोरच्या वकिलांचं म्हणणं, सूनबाई पोरीचे कान भरतात.

शेवटच्या तारखेला न्यायाधीशबाईंनी सगळ्यांना आपल्या खोलीत बसवलं, चिंगीलाही. सासऱ्यांनी जाड अल्बम पुढे सरकवला. सोबत नणंदही होती, त्यांच्या बाजूने सांगायला आणलेली. उकाड्यात पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून ती भिंतीशी उभी होती.

"बघा, किती रमते आमच्यात," सासूबाई म्हणाल्या. "डागबिग काही दिसतोय का? त्याच दिवसाचा फोटो आहे. पांढरा फ्रॉक, बाहीच नाही."

न्यायाधीशबाईंनी फोटो बघितला. दंड दुधासारखा स्वच्छ. त्यांनी माझ्याकडे बघितलं ते मला आवडलं नाही. माझ्या वकीलबाईंनीही अल्बम चाळला आणि माझ्याकडे दिला.

चिंगी फोटोत हसत होती. तोंडभर, मोत्यांच्या सरीसारखे दात.

"मॅडम," मी म्हणाले, "त्या भेटीला जाताना तिच्या पुढच्या दोन दातांच्या जागी खिंडार होतं."

"तोंड उघड बघू, बाळ."

चिंगीने आ केला. एका दाताचं नुसतं टोक वर आलं होतं, दुसऱ्याची जागा रिकामीच.

सासरे गडबडायला हवे होते. ते उलट खुर्चीत पुढे सरकले. त्यांचं काम इतकं निरखून फार दिवसांत कुणी बघितलं नसावं.

"दात मीच बसवले," ते म्हणाले. "तिच्या बापाचे आहेत, त्याच्या लहानपणच्या फोटोतले. जोड दिसतोय कुठे? सांगा."

माझ्या मेलेल्या नवऱ्याचे दात माझ्या मुलीच्या तोंडात. मी अल्बम टेबलावर ठेवला आणि हात ओढणीला पुसले.

"आणखी काय काय सुधारलंत?" न्यायाधीशबाईंनी अगदी सहज विचारलं.

"अहो, गप्प बसा," सासूबाई म्हणाल्या.

"का गप्प बसू? काम आहे माझं. दंडावरचा तो डाग सर्वांत अवघड. नखाची खूण खोल होती, सावली पडते तिची. असा फोटो कुणी बाहेर देतं का?"

न्यायाधीशबाई लिहून घेत होत्या. सासऱ्यांना अजूनही कळलं नव्हतं. ते सगळ्यांकडे आळीपाळीने बघत होते, शाबासकीची वाट बघत.

चिंगीला घरी नेण्याचा अर्ज फेटाळला गेला. भेट झालीच तर माझ्यासमोर, कॅमेऱ्याशिवाय. मला मोकळं वाटायला हवं होतं. पण अल्बममध्ये नणंदेचाही एक फोटो होता, ताजा, गालावर एकही पुटकुळी नसलेला. आणि बाहेर व्हरांड्यात ती माझ्याजवळून गेली तेव्हा पावडरच्या जाड थराखाली तिचा गाल पिवळाहिरवा दिसला.

"ताई, माझ्याकडे चला," मी म्हणाले. "आत्ता, अशाच."

"तुला सांगितलं होतं ना," ती पुटपुटली. एवढ्यात सासूबाईंनी तिचं कोपर धरलं. त्याच बोटांनी.

मी दोनदा जाऊन आले. मला बघून दार उघडत नाहीत. पोलीस एकदा गेले, तर सासऱ्यांनी त्यांना स्टुडिओच्या काचेतला तिचा मोठा फोटो दाखवला. मजेत आहे, म्हणून ते परत आले.

चपलांच्या दुकानाच्या वर, अरुंद जिन्याचा त्यांचा स्टुडिओ आहे. खाली काचेत एक बाई हसताना दिसेल, चेहऱ्यावर एकही डाग नसलेली. तुम्ही त्या रस्त्याने गेलात तर ओळखपत्राचा फोटो काढायचं निमित्त करून वर जा. तिच्या हातचं पाणी मागा. ती स्वतः पेला घेऊन येईपर्यंत हलू नका, आणि तिचा गाल उजेडात नीट बघा. मला ओळखतात, तुम्हाला ओळखत नाहीत.