धूम्रनाथाने काय सोडलं

काशीत मुन्शी घाटामागच्या गल्लीत अंबिकाबाईंचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द. दूधवाला भैयासुद्धा त्यांना विचारल्याशिवाय दुधात पाणी घालत नाही, असं लोक म्हणत.

त्यांची नात सई दर रविवारी पुढच्या खोलीत तिघांना जमवून एक खेळ चालवायची. एकाने योद्धा व्हायचं, एकाने स्वार, एकीने चोर. सईने गोष्ट पुढे न्यायची आणि अडलं तिथे फासे टाकायचे. गोष्टीत भेटणारी बाकीची माणसं सईच व्हायची. खानावळवाला ती, पहारेकरी ती, आणि हजार वर्षांचा जादूगार धूम्रनाथही तीच. त्याने म्हणे एकदा अख्खा समुद्र ओंजळीत धरला होता.

गाडं अडलं ते या धूम्रनाथापाशी.

"तुझा हा जादूगार बाबा सगळं जाणतो, सगळं करतो," योद्धा झालेला विश्वजीत वैतागला. "मग हम क्या करें, टाळ्या वाजवू? आज मजा नाही आली ना, तर पुढच्या रविवारपासून आम्ही अस्सी घाटाला. तिथे एका छतावर दुसरा डाव चालतो."

सई स्वयंपाकघरात आली आणि माठाशी नुसतीच उभी राहिली. अंबिकाबाई मटार सोलत होत्या. भिंतींना कान असोत-नसोत, त्यांना होते.

"मागितल्याबरोबर देणाऱ्याला कोण विचारतं गं?" त्या म्हणाल्या. "तुझा म्हातारा म्हणजे धर्मशाळेतला नळ. सरक. मी होते धूम्रनाथ."

"आजी, तुला नियम कुठे–"

"नियम तू सांभाळ. म्हातारा मी सांभाळते."

आणि पदर खोचून त्या पुढच्या खोलीत जाऊन बसल्या. गोष्टीत कुणीतरी गावाची नदी चोरून डोंगरात कोंडली होती, लोखंडी दारामागे. दार उघडणं फक्त धूम्रनाथाच्या हातात.

"महाराज, दार उघडा," विश्वजीत म्हणाला.

"कुणाचा रे तू?"

"मी महायोद्धा रणधीर!"

"बापाचं नाव विचारलं, बिरुद नाही. आणि पाय न धुता आत आलास?"

चोर झालेली नीरजा फिसकन हसली. विश्वजीतने खरोखरच पाय मागे घेतले.

"दार उघडेल," अंबिकाबाई म्हणाल्या, "पण प्रत्येकाने काहीतरी सोडायचं. जिवाभावाचं."

हे त्यांनी काही हवेतून आणलं नव्हतं. काशीला आलेला यात्रेकरू एखादं आवडतं फळ, एखादी भाजी जन्माची सोडून जातो. सासऱ्यांच्या वेळेपासून देशावरचे यात्रेकरू या घरी उतरायचे. आंब्यावर जीव टाकणारी माणसं गंगेत उभी राहून कारलं सोडताना अंबिकाबाईंनी ढिगाने पाहिली होती.

"हा माझा जुना खंजीर सोडला," विश्वजीत म्हणाला.

"कारलं सोडतोस होय रे? देवापाशी खपेल, तो भोळा आहे. माझ्यापाशी नाही."

मग कुठे विश्वजीतने कित्येक रविवार घालवून मिळवलेली विजेची तलवार सोडली, आणि सोडताना त्याचा चेहरा खराच उतरला. स्वार झालेल्या यज्ञेशने घोडा सोडला. नीरजा म्हणाली, "मी अंधार सोडते. यापुढे मला लपता येणार नाही." आता भिंतीला टेकून कुणीच बसलं नव्हतं.

"दार हललं," सई म्हणाली, "पण उघडलं नाही."

"का?" यज्ञेशने विचारलं.

"दारासमोर चौघं आहेत. महाराज काय सोडणार?"

"मी? मी कशाला सोडू!"

"नियम मी सांभाळायचे ना, आजी?"

अंबिकाबाई क्षणभर चाचरल्या. "बरं. समुद्र सोडला."

"कारलं, आजी!" विश्वजीत ओरडला.

त्यांनी त्याच्यावर डोळे वटारले. मग सईकडे पाहिलं. माठाशी उभी होती ती पोर ही नव्हेच. श्वास रोखून बसली होती.

"धूम्रनाथाने वाचा सोडली," अंबिकाबाई म्हणाल्या. "नदी गावात पोचेपर्यंत." आणि ओठ मिटले.

तेवढ्यात सून वैदेही दारात आली. "आई, मटारच्या उसळीत गूळ किती घालू?"

अंबिकाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

"आजी बोलली तर दार बंद होईल," सईने सांगितलं.

वैदेहीने सासूकडे नीट पाहिलं. "अस्सं? मग घालतच नाही. मसालाही माझ्या हाताने टाकते."

अंबिकाबाईंच्या नाकपुड्या फुलल्या. बांगड्या वाजल्या. शब्द मात्र नाही. दार उघडलं, फासे पडले, हाणामारी झाली, आणि दशाश्वमेधावर आरतीच्या घंटा सुरू झाल्या तेव्हा नदी कशीबशी गावाच्या वेशीला लागली होती.

"गावात कधी शिरणार?" विश्वजीतने विचारलं.

"पुढच्या रविवारी."

"येतो. लवकरच येतो," तो म्हणाला. आणि मग चौघांच्याही एकदमच ध्यानात आलं, नदी अजून गावात पोचली नव्हती. सगळ्यांनी अंबिकाबाईंकडे पाहिलं.

वैदेहीने उसळीच्या वाट्या आणल्या. अंबिकाबाईंनी घास घेतला. गूळ नव्हता.

"काय हवंय, आई? सांगा की," वैदेही कमरेवर हात ठेवून मजेत उभी राहिली.

अंबिकाबाईंनी सईकडे पाहिलं, घास चावून चावून गिळला, उसळ संपवली आणि रिकामी वाटी पुढे केली.