लाइन क्लिअरशिवाय नाही

नारायणराव मनमाडला स्टेशनमास्तर म्हणून निवृत्त झाले, न्यूझीलंडमध्ये हॉर्नबीला मुलाकडे राहायला आले आणि सहा महिन्यांत पुन्हा स्टेशनमास्तर झाले. तेही जपानात! मुलाच्या गराजमध्ये त्यांनी मोमिनोसे नावाचं चिमुकलं जपानी स्टेशन उभारलं. दोन रुळांच्या मधोमध एकच फलाट, त्याच्या टोकाशी रूळ ओलांडायची पायवाट, उत्तरेला गवतात बुजलेली मालगाड्यांची साइडिंग. खरं मोमिनोसे नव्वद वर्षांपूर्वी लाकूड वाहायला बांधलेलं. लाकूड संपलं, साइडिंग बंद पडली, पुढे कर्मचारीही काढले. आता तिथे म्हणे चिटपाखरू नसतं. हे मात्र नारायणरावांना सोसवेना. त्यांनी फलाटावर बोटभर उंचीचा स्टेशनमास्तर उभा केलाच. इतिहास गेला खड्ड्यात.

आज जवळच्याच रिकार्टनच्या एका हॉलमध्ये रेल्वे मॉडेल क्लबच्या दोन दिवसांच्या प्रदर्शनाचा पहिला दिवस होता. सगळ्यांची टेबलं एकमेकांना जोडलेली, त्यामुळे एकाची गाडी दुसऱ्याच्या स्टेशनात जायची. सेक्रेटरी ग्रॅहमनी सकाळीच बजावलं, "किया ओरा, नारायण! जपानी स्टेशन आहे, गाड्या वेळेवर सुटू देत. खोळंबा झाला तर उद्या तुमचं टेबल नाही."

नारायणरावांनी फलाटावरची धूळ फुंकली. डोळे फोडून रंगवलेलं स्टेशन ते!

साडेदहाला पहिली गाडी आली. पुढच्या टेबलावरून लाइन क्लिअर, म्हणजे पुढचा रूळ मोकळा असल्याचा होकार, घ्यायला नारायणराव वळले, तर तिथला ब्रूस गायब. त्यांनी गाडी रोखली. मागून दुसरी आली, तिसरी आली. पोरं भोकाड पसरू लागली.

"बाबा, सोडा ना," सून राजश्री कुजबुजली. "खेळण्यातली तर आहे. ढीगभर लोक बघतायत!"

"अडतीस वर्षांत लाइन क्लिअरशिवाय एक गाडी सोडली नाही मी. जपानचीसुद्धा सोडणार नाही."

ग्रॅहम लालबुंद होऊन धावत आले. "सोडा ती गाडी! नाहीतर उद्या कशाला, टेबल आत्ताच उचलतो."

आता रडू फुटणार असं नारायणरावांना वाटलं. पण बोट काही बटणाकडे गेलं नाही.

तेवढ्यात ब्रूस आला. त्याच्या काखेत हातभर लांबीचा पूल होता.

"सॉरी हं, टॉयलेटला गेलो होतो. माझे रूळ दारातूनच जातात, पूल उचलल्याशिवाय बाहेर पडता येत नाही."

सगळे वाकून पाहू लागले. मोमिनोसेच्या पुढे बोगदा, आणि बोगद्यातून बाहेर पडलं की थेट हॉलची फरशी. रोखलेली गाडी खुद्द ग्रॅहमची होती, बायकोला न सांगता जपानहून मागवलेली. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

ब्रूसने पूल जागेवर बसवला. ग्रॅहमनी नारायणरावांचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "उद्याच काय, दर वर्षी या! आता सोडता ना गाडी?"

नारायणरावांनी चष्मा पुसला, खिशातून वही काढली आणि ब्रूससमोर धरली.

"आधी लेखी द्या."