एगोनचे बेलगाम उंदीर

डेन्मार्कमधल्या आमच्या आरहूसच्या प्रयोगशाळेत एगोन ट्राबर्गइतका हुशार माणूस दुसरा नव्हता. हे आम्हाला तो स्वतःच सांगायचा. विषाणू शिरला की शरीर इंटरफेरॉन नावाची प्रथिनं सोडून हल्ला चढवतं आणि मग एक जनुक त्या हल्ल्याला लगाम घालतं. एगोनने ठरवलं, उंदरांमधून ते जनुकच काढून टाकायचं. शुक्रवारच्या न्याहारीला पावावर बोटभर लोणी थापत तो म्हणाला, "बेलगाम उंदीर फ्लूला चारी मुंड्या चीत करतो की नाही, बघाच!"

उंदरांचं सगळं वीबेके बघायची, चोवीस वर्षं. तिने एवढंच विचारलं, "आणि फ्लू गेल्यावर त्या शरीराला थांबवणार कोण?"

"तू पिंजरे सांभाळ," एगोन म्हणाला.

फ्लूची लागण केल्यावर पाचव्या दिवशी उंदरांच्या फुप्फुसांत विषाणू औषधालाही सापडेना. एगोनने शॅम्पेन फोडली. आठव्या दिवशी उंदीरही संपले.

तो तरातरा खाली आला. "भुसा ओला होता! खाणं बदललंस ना?"

वीबेकेने फुप्फुसाचा काप सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. "बघ. विषाणूचा मागमूस नाही. स्वतःच्याच पेशींनी चिखल केलाय. चोर पळाला तरी पहारेकरी घर फोडतच बसले."

"अपवाद असतात."

"छत्तीसपैकी छत्तीस?"

मला हसू फुटलं. एगोनने माझ्याकडे पाहिलं आणि माझी नोकरी डिसेंबरपर्यंतचीच आहे हे मला आठवलं. मी खोकल्याचं सोंग केलं. असा मी शूर.

पुढच्या तुकडीतल्या तशाच बारा उंदरांना वीबेकेने पाचव्या दिवसापासून इंटरफेरॉन रोखणारं औषध टोचलं. मी नोंदी ठेवल्या. अकरा जगले. एगोनने त्यांच्या नकलेचे कागद चाळले, "हं," म्हणाला आणि खिशात घातले.

शरद ऋतूत कोपनहेगनला भरलेल्या संशोधकांच्या सभेत तो छाती काढून बोलला, "लगामाचं महत्त्व मी पहिल्यापासून सांगत आलोय."

तिसऱ्या रांगेतून वीबेके उठली. "एगोन, पहिल्यापासून म्हणजे नक्की कधीपासून? छत्तीस मेले त्याच्या आधीपासून की नंतर?"

सभागृहात आधी खसखस पिकली, मग उघड हशा. एगोनने पाणी मागितलं. अध्यक्षबाईंनी नोंदी मागितल्या. मूळ वही माझ्याकडे होती, आणि या वेळी मी खोकलो नाही.

शोधनिबंध छापून आला तेव्हा पहिलं नाव वीबेकेचं होतं. ही सगळी आपलीच उदारता, असं एगोन अजूनही येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.